रिळं मुकी, तबकड्या आंधळ्या

डब्लिनमध्ये, म्हणजे आमच्या ओहायोतल्या, आयर्लंडातल्या नव्हे, मराठी मंडळाच्या कुठल्याही जेवणावळीत पहिले दोन प्रश्न ठरलेले. ‘मूळचे कुठले?’ आणि ‘सध्या कुठे आहात?’ पहिल्याला पुणे म्हटलं की भागतं. दुसऱ्याला उत्तर म्हणून एखाद्या बँकेचं नाहीतर विमा कंपनीचं नाव अपेक्षित असतं. मी म्हणायचे, ‘जुन्या सिनेमांच्या गोदामात.’ एकदा नागपूरहून नुकताच आलेला एक मुलगा हातातली जिलबी विसरून म्हणाला, “काकू, म्हणजे हॉलिवूड? यार, सही आहे! मग स्टार्सना मीट करता का?”

“करते ना. सगळे वारलेत.”

तो खो खो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

पुण्यात मी रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले आणि कामाचा परवाना मिळेपर्यंत काही वर्षं घरी बसले. मग २००१ साली तासाभराच्या अंतरावर एका संग्रहालयाच्या फिल्म विभागात आवाज उतरवून घेणारं माणूस हवंय असं कळलं. मुलाखत घेणारा वॉल्ट नावाचा उंच, खांद्यात वाकलेला गृहस्थ होता. त्यानं माझी पदवी पाहिली नाही. एक खरखरीत तबकडी लावली आणि विचारलं, “काय ऐकू येतंय?” मी म्हटलं, “बाई गातेय, तिच्या मागे जरा दूर पियानो आहे, आणि खोलीत पंखा नाही.” पंख्याचं ऐकून त्यानं मला ठेवून घेतलं. पुढची सात वर्षं तो माझा साहेब होता आणि या धंद्यातलं मला जे काही कळतं ते त्याच्यामुळेच.

धंदा काय, तो आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बोलपट नुकतेच आले होते त्या काळात हॉलिवूडच्या कंपन्यांनी शेकड्यांनी छोटे संगीतपट काढले. एका रिळाचे, दहाएक मिनिटांचे. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे. त्यात गोष्ट वगैरे काही नसे. एखादा बँड, जोडीनं गाणाऱ्या बहिणी, बूट आपटत नाचणारा एखादा, पियानोवर बसून चावट गाणी म्हणणारी एखादी जाडजूड बाई. गावोगाव फिरणाऱ्या रंगमंचावरची ही माणसं. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांसारखा त्यांचाही संसार ट्रंकेत. त्यांना स्टुडिओत बोलावून कॅमेऱ्यापुढे उभं करत आणि एका दिवसात काम उरकत. गंमत अशी, की हे पट आल्यावर गावोगावच्या थिएटरवाल्यांनी खरी माणसं बोलावणं बंद केलं. ज्यांनी हौसेनं कॅमेऱ्यापुढे गाणी म्हटली, त्यांच्याच पोटावर त्या गाण्यांनी पाय दिला.

तेव्हा आवाज फिल्मवर छापलेला नसे. फिल्मवर फक्त चित्र, आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. तबकडी म्हणजे चांगली परातीएवढी. तिच्यावर सुई आतून ठेवायची, ती फिरत फिरत बाहेर येते. थिएटरात एकाच मोटारीवर दोन्ही चालत. वीसेक वेळा वाजली की तबकडी झिजायची, मग ती टाकून द्यायची. पुढे फिल्मवरच आवाज छापायची सोय झाली आणि या तबकड्यांना कोणी विचारेना. रिळं एका गोदामात गेली, तबकड्या कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या तळघरात. एका कुटुंबात तर गरम भांडी ठेवायला त्या वापरत होते, मी स्वतः पाहिलंय. आपल्या गोष्टीतल्या आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घेतलं तेव्हा कुठे दोघं जत्रेला पोचले. इथे दोघांची चुकामूक झालेली. रिळं मुकी, तबकड्या आंधळ्या. त्यांची गाठ घालून देणं हे आमचं काम.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तबकडीवरचा आवाज कापता-जोडता येत नसे. एखाद्याला शिंक आली, कोणी ओळ विसरलं, की सगळं रीळ पहिल्यापासून. मुद्रणात आवाज येतो म्हणून पंखे बंद, दारं बंद, वरून दिवे भट्टीसारखे तापलेले. त्यात माणसं हसत हसत तीच गाणी पुन्हा पुन्हा म्हणत. चुकलेले प्रयोग सहसा कोणी ठेवत नसे. जो जमला तो ठेवायचा.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला बसले, त्यांच्याकडे येते. त्या हयात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

एके दिवशी लॅबमध्ये फोन आला. म्हातारा, पण खणखणीत आवाज. “मी नेली कॉब्रिन. मी तुमच्याकडे आहे असं कळलं.”

मला काही उमगेना. मग कळलं, ‘कॉब्रिन सिस्टर्स’ नावाचा एक संगीतपट आमच्या गारेगार कोठीत होता. दोन बहिणी, मोठी सोळा-सतरा वर्षांची आणि धाकटी जेमतेम आठची. ती धाकटी म्हणजे या. आमच्याकडे रीळ होतं, तबकडी नव्हती. आमच्या जुन्या रिळांना एक रोग असतो. फिल्म आधी चिकट होते, मग तिच्यावर फेस येतो, शेवटी डबा उघडला की तपकिरी पूड. हे रीळ नशिबानं अजून धड होतं. मी त्याची प्रत काढली आणि लॅपटॉप घेऊन त्यांना दाखवायला गेले.

नेलीबाई एका वृद्धाश्रमात राहत होत्या, सिनसिनाटीच्या वाटेवर. वय पंचाऐंशीच्या घरात. नीट बसवलेले केस, ओठांना लाली, कानात यंत्र. मी लॅपटॉप उघडून मुका पट लावला. पडद्यावर रूथ, म्हणजे थोरली, मध्यभागी उभी राहून गातेय, आणि शेजारी गुडघ्यापर्यंतच्या झग्यातली नेली छोटं तंतुवाद्य छेडत मधूनमधून तिच्यात सूर मिसळतेय. नेलीबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, “दिसते तर ती मला नेहमीच. डोळे मिटले की दिसते. ऐकू येत नाही.”

हा पट झाल्यावर दीडदोन वर्षांतच रूथ क्षयानं गेली. तिचा आवाज कुठेच उरला नव्हता. ही एकच तबकडी, तीही कुठे आहे ते ठाऊक नाही. मी म्हटलं, शोधू. अशी आश्वासनं द्यायची नाहीत असं वॉल्टनं मला बजावलं होतं, पण त्या बाईंच्या समोर बसून ‘बघू’ म्हणवेना.

निघताना त्यांनी माझा हात धरला. “एक विचारू? आमचे चुकलेले प्रयोग कुठे असतील का?”

“ते कोणी ठेवत नसे,” मी म्हटलं. “का?”

“मी चुकले होते,” त्या म्हणाल्या. “मी गडबड केली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. कितीतरी वेळा. मामा, आमच्या आईला आम्ही मामाच म्हणायचो, ती म्हणायची, तुझ्यामुळे रूथला त्या भट्टीत दिवसभर उभं राहावं लागलं, तिथेच तिच्या छातीत बसलं. तोपर्यंत ती ठणठणीत होती.”

“काय चुकलं होतं तुमचं?”

“ते आठवत नाही. पण मामा होती ना तिथे, ती सांगायची.” आणि मग अगदी सहज, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तशा सुरात, “मरेपर्यंत सांगायची.”

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे ओझं ठेवलं, आणि ती सत्तरपंच्याहत्तर वर्षं ते वाहतेय. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, क्षय कुणाला उभं राहून होतो का? डॉक्टरनं एका मिनिटात समजावलं असतं.” समजावलं असेलही. आईनं सांगितलेलं डॉक्टरच्या सांगण्यानं पुसलं जातं होय?

तबकडी शोधायला दोन वर्षं गेली. तबकड्या जमवणाऱ्यांचं एक जग असतं. ही माणसं स्वतःच्या मुलीचं लग्न विसरतील, पण कोणत्या गावच्या कोणत्या लिलावात काय निघालं ते विसरणार नाहीत. त्यांच्यापैकी एकानं केंटकीतल्या एका शेतकऱ्याचा पत्ता दिला. हार्लन त्याचं नाव. तो जमवायचा घड्याळं. त्याच्या बायकोनं कधीतरी घड्याळांबरोबर तबकड्यांचं एक खोकं उचललं होतं, आणि त्यातल्या एकीवर कॉब्रिन सिस्टर्सचं नाव होतं. बायको वारली होती, म्हणून खोकं घराबाहेर जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

“इथे या, इथेच ऐका,” तो फोनवर म्हणाला.

मग वॉल्ट आणि मी आमचं यंत्र, सुयांची पेटी, डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश असं सगळं लटांबर गाडीत घालून गेलो. हार्लनच्या बैठकीत वीसपंचवीस घड्याळं टिकटिकत होती. मी म्हटलं, “ही बंद करावी लागतील, मुद्रणात येतील.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या नातवंडांना घराबाहेर काढायला सांगितलंय. पण एकेक करून त्यानं सगळी थांबवली. शेवटच्या घड्याळापाशी जरा थबकला. ते बायकोचं होतं. तेही थांबवलं.

तबकडी धुताना तो माझ्या खांद्यापाशी उभा होता. बाळंतिणीच्या खोलीत सासूनं उभं राहावं तसा. म्हणाला, “ही बिघडलेली आहे. एकदा लावली तर सुई घसरून पडली.” त्यानं सुई बाहेरच्या कडेवर ठेवली होती. बिचारी तबकडी आतून सुरू होते हे त्याला कोण सांगणार? मी आतल्या खुणेवर सुई ठेवली. खर्र खर्र झालं, पियानोचे चार सूर वाजले, आणि एक मुलगी गायला लागली.

स्वच्छ, जरा घोगरा, पण पुढे ढकलून देणारा आवाज. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेल्या मुली अशाच गातात. हार्लन खुर्चीत बसला.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्या गाण्यात रूथ एकटी गाते. मध्यावर आली आणि तिचा आवाज फाटला. खोकला. थोडा थांबून पुन्हा खोकला, खोल, छातीतून येणारा. पियानो चालूच होता. आणि मग एका लहान मुलीनं ती ओळ उचलली. बारीक, घाबरलेला, पण अगदी सुरात. थोरलीची ओळ, थोरलीच्या पट्टीत. एकटीनं तिनं कडवं संपवलं. मग पियानो थांबला. कोणी पुरुष दुरून काहीतरी म्हणाला. आणि एक बाई, जवळून, स्पष्ट म्हणाली, “तिला काही झालेलं नाही. ती पुन्हा करेल. पहिल्यापासून घ्या.”

त्यानंतर नुसती सुईची खरखर, कडेपर्यंत.

वॉल्टनं तबकडीच्या कडेला कोरलेला आकडा भिंगातून पाहिला. पट हाच होता, पण प्रयोग वेगळा. आमच्याकडच्या रिळावरचा हा आवाज नव्हता. हा आधीचा, टाकून दिलेला प्रयोग. तपासण्यासाठी म्हणून तबकडी काढली असेल आणि कोणीतरी घरी नेली असेल. “फेकायचं ते राहिलं, ठेवायचं ते गेलं,” वॉल्ट म्हणाला. “आपल्या धंद्याची हीच रीत आहे.” ती बाई कोण, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. “कपडेपट सांभाळणारी कोणीतरी असेल.” आम्ही नोंद केली: अनोळखी स्त्रीचा आवाज.

लॅबमध्ये मी तो आवाज साफ केला. साफ केला म्हणजे धूळ काढली, माणसं काढली नाहीत. तबकडी सुईच्या पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत उतरवून घ्यायची, मागची शेपटी कापायची नाही, हा आमचा धर्म. कुठल्या क्षणी कोण काय बोलून गेलं ते कोणाला तरी कधीतरी हवं असतं, असं वॉल्ट म्हणायचा. नेलीबाईंसाठीही मी सगळंच्या सगळं नेलं. कापावं असं माझ्या मनातही आलं नाही. उलट मला वाटत होतं, मी त्यांना दोन गोष्टी घेऊन चाललेय. रूथचा आवाज, आणि त्या चुकल्या नव्हत्या याचा पुरावा. पेढे घेऊन जावं तशा आनंदात मी गेले.

त्यांनी त्या दिवशी निळा ड्रेस घातला होता. कानातलं यंत्र नवीन होतं. मी आधीच सांगितलं, की हा तुमच्या पटाचाच आवाज आहे, पण वेगळ्या प्रयोगाचा, त्यामुळे चित्रातल्या ओठांशी जुळणार नाही. म्हणून चित्र लावत नाही, नुसतं ऐका.

रूथ गायला लागली आणि नेलीबाईंनी तोंडावर हात ठेवला. पहिलं गाणं संपेपर्यंत तो तसाच होता. दुसरं सुरू झालं. खोकला आला तेव्हा त्यांचं सगळं अंग दचकलं. मग लहान मुलीचा आवाज आला आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या, डोळे मोठे करून, जणू मीच काही करतेय.

“ती मी आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी चुकले नव्हते.”

“नाही. तुम्ही सांभाळून घेतलंत.”

मी हसत होते. तेवढ्यात तबकडीवर ती बाई बोलली. तिला काही झालेलं नाही. ती पुन्हा करेल. पहिल्यापासून घ्या.

नेलीबाईंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी तो उजळला, लहान मुलाला घरचं माणूस दिसावं तसा. आणि मग हळूहळू विझला.

“मामा,” त्या म्हणाल्या.

मी घाईघाईनं लॅपटॉप बंद करायला गेले, त्यांनी हातानंच थांबवलं. खरखर संपेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेरच्या हॉलमध्ये कोणीतरी जेवणाच्या ट्रॉल्या ढकलत होतं.

मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तिला माहीत होतं. रूथ आधीच आजारी होती आणि मामाला माहीत होतं.”

मी म्हटलं, “त्या काळी या कामाशिवाय घर चालणार नसेल. आईलाही इलाज नसेल.” हे मी कोणाची वकिली म्हणून बोलत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

“इलाज नसेल,” त्या म्हणाल्या. “असंच असेल. पण मग मला का सांगितलं?” मग त्यांनी विचारलं, “मामाचं एवढं पुसता येईल तुम्हाला?”

“तुमच्या प्रतीतून पुसते. आत्ता, इथेच. पण मूळ तबकडीवर राहील.”

त्यांनी विचार केला. बोटं मांडीवर हलत होती, तारा छेडताना हलावीत तशी. “नको,” त्या म्हणाल्या. “राहू दे. पुन्हा घ्या असं म्हणणारी मी नव्हते, एवढं तरी कुठेतरी राहील.”

मग म्हणाल्या, “आता ते चित्र दाखवा. आवाज नको.”

सात वर्षं मी मुक्या चित्रांना आवाज लावायची नोकरी केली. त्या दुपारी पहिल्यांदाच कोणी आवाज नको म्हणालं. मी नुसतं चित्र लावलं. पडद्यावर रूथ गात होती, हसत होती, ओठ हलत होते. हे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून घेतल्यानंतरचं हसू आहे, ते आता आम्हा दोघींना ठाऊक होतं. शेवटी दोघी बहिणी पुढे येऊन वाकून नमस्कार करतात. त्याआधी क्षणभर रूथ धाकटीच्या खांद्यावर हात ठेवते. मी हे लॅबमध्ये कितीदा तरी पाहिलं होतं आणि दरवेळी ते मला लाडाचं वाटलं होतं.

“थांबवा,” नेलीबाई म्हणाल्या. मी चित्र थांबवलं. त्यांनी वाकून, बोट पडद्याला जवळजवळ टेकवून, तो हात पाहिला. मग स्वतःच्या खांद्यावर त्याच जागी तळवा ठेवला.

“मी सगळं विसरले, पण हे विसरले नव्हते,” त्या म्हणाल्या. “किती भार टाकला होता तिनं. मला वाटलं होतं, मी हलू नये म्हणून दाबून धरतेय.”